महाविद्यालयातील खेळनिर्मिती मंडळ : उभारणी आणि सातत्य

(महाविद्यालयीन प्राध्यापक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



संगणकीय खेळांचा विषय निघाला की पालकांच्या आणि शिक्षकांच्या मनात प्रथम काळजी उमटते. ही काळजी अनाठायी नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांनी अनेक कुटुंबांना कर्जाच्या खाईत लोटले. त्यामुळेच संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. परंतु त्याच कायद्याने ई-क्रीडा आणि सामाजिक व शैक्षणिक स्वरूपाचे खेळ यांना उत्तेजन देण्याची भूमिकाही स्वीकारली आहे, हे विसरून चालणार नाही. आपण ज्या मंडळाचा विचार करीत आहोत, ते खेळ खेळण्याचे नसून खेळ घडविण्याचे आहे. हा भेद प्राचार्यांना आणि पालकांना पहिल्याच दिवशी समजावून सांगितला पाहिजे.

विद्यार्थ्यांनी घडविलेला इतिहास

या क्षेत्राच्या प्रारंभीच्या इतिहासात विद्यार्थी मंडळांचे स्थान मोठे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार केला. यांतील अनेकजण तेथील विद्यार्थ्यांच्या रेल्वे-प्रतिकृती मंडळात वावरलेले होते. पुढे २००५ मध्ये डिजिपेन या संस्थेतील विद्यार्थ्यांनी ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ हा प्रकल्प केला. तो पाहून व्हॉल्व्ह कंपनीने त्या चमूला आपल्याकडे घेतले आणि त्याच कल्पनेतून २००७ मध्ये ‘पोर्टल’ हा गाजलेला खेळ साकारला. आपल्याकडे पुण्यातील एका छोट्या चमूने भारतीय पुराणकथा व वास्तुशिल्पाच्या आधारे निर्मिलेला ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये जगभरच्या खेळाडूंपर्यंत पोहोचला.

साधने आणि माणसे

मंडळासाठी महागडी प्रयोगशाळा हवी, हा समज दूर करावयास हवा. अर्जेंटिनात जन्मलेले ‘गोडो’ हे खेळनिर्मितीचे साधन २०१४ पासून मुक्तस्रोत आहे. त्रिमितीय चित्रांसाठीचे ‘ब्लेंडर’ २००२ पासून मुक्त आहे. दोहोंसाठी परवाना शुल्क द्यावे लागत नाही. द्विमितीय खेळ तर महाविद्यालयातील साध्या संगणकांवरही करता येतात.

खरी अडचण यंत्रांची नसून माणसांची असते. मंडळ केवळ संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरते ठेवले, तर चालणारा पण कंटाळवाणा खेळ तयार होतो. खेळाला कथा लागते, चित्र लागते, ध्वनी लागतो आणि जय-पराजयाचे गणितही लागते. म्हणून मराठी, हिंदी वा तमिळ साहित्याचा विद्यार्थी, चित्रकार, गायक आणि संख्याशास्त्राचा अभ्यासक यांना प्रारंभापासून समान सदस्यत्व द्यावे.

पहिले सत्र

पहिली बैठक संगणकाविना घ्यावी. पुठ्ठा, कवड्या आणि चिंचोके घेऊन प्रत्येक गटाने तासाभरात एक खेळ रचावा. सारीपाट, वाघबकरी, तमिळनाडूतील पल्लांकुळी, सावंतवाडी व ओडिशातील गंजिफा या आपल्या खेळांचे नियम उलगडून पाहावेत. थोडक्या नियमांतून उत्कंठा कशी निर्माण होते, हे त्यातून उमगते.

दुसऱ्या टप्प्यात एकाच पडद्याचा, एकाच कृतीचा खेळ संगणकावर करावा. नवशिक्या गटांना भव्य कल्पनांचा मोह पडतो आणि अपुऱ्या प्रकल्पांचा ढीग साचतो. लहान का होईना, पण पूर्ण झालेला खेळ अधिक शिकवतो. तिसरा टप्पा परीक्षणाचा. अनोळखी व्यक्तीच्या हाती खेळ द्यावा आणि निर्मात्यांनी काहीही न सांगता शांतपणे पाहावे. खेळाडू जेथे अडखळतो, तेथे दोष त्याचा नसून रचनेचा असतो.

२००९ पासून भरणाऱ्या ‘ग्लोबल गेम जॅम’ने अठ्ठेचाळीस तासांत खेळ घडविण्याची पद्धत जगभर रुजविली. तिचे अंधानुकरण मात्र नको. वसतिगृहाची दारे ठराविक वेळी बंद होतात. दूरच्या गावाहून येणाऱ्यांची शेवटची बस संध्याकाळीच सुटते. रात्रभर चालणाऱ्या उपक्रमातून मुली आणि ग्रामीण विद्यार्थी आपोआप वगळले जातात. तेच काम दोन शनिवार-रविवारी दिवसा विभागून केल्यास कोणीही मागे राहत नाही.

भाषेचा प्रश्न

आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. परंतु बहुसंख्य खेळ इंग्रजीतच बोलतात. पडद्यावर देवनागरी जोडाक्षरे तुटणे, मात्रा भलतीकडे सरकणे हे दोष जुन्या साधनांत वरचेवर दिसत. २०२३ मध्ये आलेल्या ‘गोडो’च्या चौथ्या आवृत्तीत अशा लिप्यांच्या मांडणीची सोय झाली आहे. आता तांत्रिक सबब उरलेली नाही. शेतातील पाण्याचा ताळेबंद, मतदानाची प्रक्रिया किंवा साथीच्या रोगाचा प्रसार स्थानिक भाषेतील खेळातून मांडणे हे मंडळाचे खरे समाजकार्य ठरेल.

सातत्य

अशा मंडळांची खरी कसोटी दुसऱ्या वर्षी लागते. संस्थापक विद्यार्थी पदवी घेऊन जातात आणि कपाटाला कुलूप लागते. म्हणून अखेरच्या वर्षातील विद्यार्थ्याकडे अध्यक्षपद न देता त्याने सल्लागार व्हावे. सूत्रे दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांकडे असावीत. प्रत्येक खेळाची आज्ञावली, चित्रे आणि चुकांची टिपणे महाविद्यालयाच्या सामायिक संग्रहात जतन करावीत. एक प्राध्यापक कायमस्वरूपी मार्गदर्शक असावा, परंतु विषय ठरविण्याचा अधिकार विद्यार्थ्यांचाच राहावा.

केंद्र शासनाने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात ॲनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग व कॉमिक्स या क्षेत्रासाठी कृतिदल नेमण्याची घोषणा केली. त्यामुळे वातावरण अनुकूल झाले आहे. तरीही प्रत्येक सदस्याला याच क्षेत्रात नोकरी मिळेल, असे आश्वासन कोणी देऊ नये. एकत्र काम करणे, टीका स्वीकारणे आणि हाती घेतलेले काम तडीस नेणे, ही शिदोरी मात्र प्रत्येकाला खात्रीने मिळते. आपल्या मुलांच्या हातातील पडद्यावर कोणाच्या कथा आणि कोणाची भाषा असावी, याचा निर्णय इतरांवर सोपवायचा नसेल, तर खेळ घडविणारे हात महाविद्यालयांतूनच तयार व्हावे लागतील.