तोंडात हात घालण्याआधी



धारा आटोपून, डेअरीला दूध घालून तुमच्यातले बरेच जण आत्ता रेडिओपाशी बसले असतील. काहींच्या पायाशी घरचं कुत्रंही असेल. मी पशुवैद्यक आहे. जनावराच्या तोंडात डोकावणं हे माझं रोजचं काम, आणि आज त्या तोंडाबद्दलच बोलणार आहे. कारण जनावराचं वय तिथे कळतं, त्याचं दुखणं तिथे कळतं, आणि आपल्या जिवाला सगळ्यात मोठा धोकाही तिथेच असतो.

माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष होतं. सकाळी एक शेतकरी दवाखान्यात आले. म्हणाले, "डॉक्टर, गाय वैरणीला तोंड लावत नाही. सारखी लाळ गळतेय. घशात मोसंबी अडकलीय." हंगाम मोसंबीचा होता आणि अशा दिवसांत गायीच्या घशात फळ अडकणं काही नवलाचं नव्हतं. मी लगेच निघालो. गोठ्यात पोचलो तेव्हा घरातल्या चौघांनी आणि एका शेजाऱ्याने आळीपाळीने गायीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून मोसंबी शोधली होती. मीही बाही वर सारली आणि हात घातला. आत काहीच नव्हतं.

मग मी जरा मागे सरलो आणि गायीकडे पुरतं पाहिलं. ती हंबरत होती, पण आवाज घोगरा, फाटल्यासारखा. शेपटी लुळी पडली होती. सारखी कुंथत होती आणि मागचे पाय लटपटत होते. मी विचारलं, "हिला कुत्रं चावलं होतं का?" सगळे नाही म्हणाले. कोपऱ्यात बसलेल्या आजी तेवढ्या म्हणाल्या, "महिन्यापूर्वी खळ्यावर एक परकं कुत्रं आलं होतं, हिच्या नाकाला ओरबाडलं होतं त्यानं." चौथ्या दिवशी गाय गेली. मेंदूचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. रेबीज निघाला. त्या घरातल्या सगळ्यांनी, शेजाऱ्याने आणि मी लशीचा पूर्ण कोर्स घेतला आणि आम्ही सगळे वाचलो. त्या आजींना ते कुत्रं आठवलं नसतं तर काय झालं असतं, हे मनात आलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

पिसाळलेलं जनावर म्हणजे अंगावर धावून येणारं, दिसेल त्याला चावणारं, असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर असतं. कुत्र्यात तसं बऱ्याचदा होतं. गायी-म्हशींत मात्र पुष्कळदा घशाचे स्नायू आधी लुळे पडतात. गिळता येत नाही म्हणून लाळ बाहेर गळते, आणि बघणाऱ्याला वाटतं की काहीतरी अडकलंय. माणूस मदतीच्या भावनेने हात घालतो. रेबीजचा विषाणू असतो तो नेमका त्या लाळेत. गायीच्या दाढांच्या कडा धारदार असतात, त्या हाताला ओरखडतात. आणि शेतकऱ्याचा हात बिनजखमेचा कधी असतो? विळा लागलेला असतो, उसाच्या पाचटाने कापलेलं असतं, नखांच्या कडा सोललेल्या असतात. विषाणूला एवढी वाट पुरते.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. जनावर लाळ गाळतंय, खात नाही, आवाज बदललाय, एवढं दिसलं तर हात घालू नका. त्याला एकटं, सावलीत बांधा, पोरांना लांब ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. हात घालून झाला असेल तर नळाच्या धारेखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. पंधरा मिनिटं म्हणजे घड्याळ लावून पंधरा मिनिटं. जखमेवर चुना, मिरची, हळद काहीही भरू नका. मग थेट सरकारी दवाखाना गाठा. तिथे हातात थोडी थोडी लस टोचतात: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेच्या जागीच वेगळं औषधही टोचावं लागतं. ते टाळू नका. दोन सुया घेतल्या, बरं वाटतंय, आता कशाला, असं म्हणणारे मला दरवर्षी भेटतात. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळजवळ कोणीच वाचत नाही. लुई पाश्चरने १८८५ साली जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला लस देऊन वाचवलं, तेही लक्षणं दिसण्याआधी टोचली म्हणूनच.

पिसाळलेल्या गायीचं दूध प्यायल्याचं कळलं की घरोघरी घबराट होते. दूध उकळलं असेल तर विषाणू उरत नाही. कच्चं दूध एरवीही पिऊ नये. आणि गायीला कुत्रं चावल्याचं तुमच्या डोळ्यांदेखत घडलं असेल तर तिची जखमही तशीच साबणाने धुवा, हातात मोजे घालून, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. जनावरांसाठीही चावल्यानंतरचा लशीचा कोर्स असतो.

पण लाळ गळणारं प्रत्येक जनावर पिसाळलेलं नसतं. लाळ्या खुरकुतात लाळ तारेसारखी लोंबते, जनावर मचमच आवाज करतं, ताप चढतो. जिभेवर, हिरड्यांवर फोड येऊन फुटतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात आणि जनावर लंगडतं. एक जनावर पडलं की दोन-चार दिवसांत दावणीतली बाकीची पडतात. यावर लस आहे, दर सहा महिन्यांनी टोचतात आणि सरकारी मोहिमेत ती मोफत मिळते. लस टोचली की दोन दिवस दूध कमी होतं म्हणून माणसं जनावर लपवतात. दोन दिवसांचं दूध वाचवताना पुढचं सबंध वेत हातचं जातं, असे गोठे मी पाहिले आहेत. तोंडातले फोड पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्याने धुणं आणि त्यांवर बोरोग्लिसरीन लावणं, हे डॉक्टर येऊन गेल्यावर, त्यांनी निदान केल्यावर करा. आधी नको.

आता दात. बरेच जण काळजीने विचारतात, गायीचे वरचे पुढचे दात पडलेत का? ते नसतातच. वर चिवट हिरडी असते आणि खाली आठ दात. जिभेने गवत ओढायचं, त्या हिरडीवर दाबून तोडायचं आणि मागच्या चोवीस दाढांनी दळायचं, अशी ती रचना. पूर्ण वाढलेल्या जनावराला एकूण बत्तीस दात. बैलबाजारात आपण आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला म्हणतो, ते याच आठ दातांवरून. दुधाचे दात जाऊन पक्क्या दातांची पहिली जोडी साधारण दोन वर्षांच्या सुमारास येते, पुढच्या जोड्या सहा महिने ते वर्षाच्या अंतराने, आणि चार-साडेचार वर्षांत जनावर जुळतं. म्हशीला याहून उशीर लागतो. आणि हे बघायला तोंडात हात घालायची गरज नाही. एका हाताने मुस्की धरा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालचा ओठ खाली ओढा. आठही दात समोर दिसतात.

दाढांचं दुखणं मात्र असं दिसत नाही. वयस्क बैल चघळता चघळता वैरणीचे अर्धवट बोळे खाली टाकतो. शेणात अख्खे दाणे दिसतात. एक गाल फुगलेला, तोंडाला घाण वास, मान एका बाजूला कललेली. घरचे म्हणतात, म्हातारा झाला, आता खात नाही. पुष्कळदा तो म्हातारपणाने उपाशी नसतो, दाढेची कड वाढून गालात रुतत असते म्हणून उपाशी असतो. तोंड उघडं ठेवायची कडी बसवून आम्ही ती कड खास कानशीने घासतो. आठवड्याभरात असा बैल गव्हाणीवर मान घालून खायला लागलेला मी पाहिला आहे, आणि त्याच्या मालकाचा चेहराही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलेली गावं आहेत. तिथे जनावरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसले, दात लवकर झिजले, तर पाण्याची तपासणी करून घ्या. तेच पाणी घरातली मुलं पितात.

शहरातल्या श्रोत्यांसाठी कुत्र्यांबद्दल थोडं. कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असं समजू नका. तो वास हिरड्या सडत असल्याचा असतो. मोठ्या कुत्र्याला बेचाळीस दात असतात आणि त्यांवर साचलेला मऊ थर थोड्याच दिवसांत दगडासारखा कडक होतो. मग तो ब्रशने निघत नाही, भूल देऊनच काढावा लागतो. भूल न देता दात चकचकीत करून देणाऱ्यांकडे जाऊ नका. खरी घाण हिरडीच्या खाली असते, ती तशीच राहते. पिल्लू असतानाच ओठ उचलून बोट फिरवायची सवय लावा, मग मऊ ब्रश. आपली टूथपेस्ट त्याला चालत नाही. काही पेस्टींत झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विष आहे. शिजवलेली हाडं देऊ नका. ती चिरफळतात, घशात टोचतात, दातही मोडतात. डोळ्याखाली अचानक सूज आली तर ते बऱ्याचदा वरच्या दाढेचं गळू असतं, डोळ्यात औषध घालत बसू नका. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत दुधाचा सुळा सात महिन्यांनंतरही तसाच राहिला तर दाखवून घ्या. आणि हे सगळं करायचं ते रेबीजची लस दिलेल्याच कुत्र्यावर: तिसऱ्या महिन्यात पहिली, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि पुढे दरवर्षी.

शेवटी, ज्यांच्या घरातलं मूल पशुवैद्यक व्हायचं म्हणतंय किंवा पदवी घेऊन नोकरी शोधतंय, त्यांच्यासाठी. परळचं महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथेही शिक्षण मिळतं. बारावी विज्ञान, नीट परीक्षा आणि साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम. पशुधन विकास अधिकाऱ्याची जागा लोकसेवा आयोगातून भरतात आणि त्या जाहिरातीची वाट पाहत मुलं अभ्यासिकेत वर्षानुवर्षं बसतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, त्या काळात हात रिकामा ठेवू नका. दूध संघ, कुक्कुटपालन कंपन्या, शहरातले प्राण्यांचे दवाखाने, सगळीकडे माणसं लागतात. मुलाखतीला गेलात की पगाराबरोबर हेही विचारा: इथे मला शिकवणारं कोण आहे? एक्स-रे आहे का? दातांची कामं होतात का? तोंडाच्या आजारांत हात बसलेले डॉक्टर आपल्याकडे अजून फार थोडे आहेत. ज्याला हे काम येईल त्याला लोक शोधत येतील.

आणि एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, ती मी तुम्हाला सांगतो. जनावरांत काम करणाऱ्याने रेबीजची लस आधीच घ्यायची असते. तीन डोस, पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि तीन-चार आठवड्यांनी. पुढे कधी जनावर चावलं तरी पुन्हा डोस घ्यावे लागतात, पण थोडक्यात भागतं. रुजू झाल्यावर घेऊ म्हणाल तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी लाळ गळणारी गाय घेऊन समोर उभं राहील. म्हणून नोकरीचं पत्र हातात पडेल त्याच दिवशी पहिला डोस घ्या.