ज्ञानाचें कुलूप

आमचा आष्टी तालुका संत्र्यांचा. वर्धा जिल्ह्याच्या या टोकाला विद्यापीठ नाहीं. परंतु संशोधनाशीं आमचा संबंध नाहीं असें कोणीं समजूं नये. संत्र्याच्या बुंध्यांतून डिंक गळूं लागतो, साल कुजते. त्यामागें फायटोप्थोरा नांवाचा सूक्ष्म जीव असतो, हें ज्ञान प्रयोगशाळांतूनच आमच्या बागांपर्यंत आलें. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था अशाच कामांत गुंतलेली आहे.

माझा एक जुना विद्यार्थी आज बागाईतदार आहे. या रोगावरील एक निबंध त्याला इंटरनेटवर सांपडला. सारांश वाचावयास मिळाला. पुढें परदेशी प्रकाशकानें डॉलरांत मोल मागितलें. तो मला म्हणाला, "गुरुजी, माती आपली, झाड आपलें, पगार सरकारचा, मग कुलूप कोणाचें?"

कुलूप प्रकाशकाचें खरें, पण एक किल्ली संशोधकाच्याही खिशांत असते, हें फार थोड्यांस ठाऊक आहे. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें २०१३ सालींच धोरण ठरविलें कीं, आपल्या शास्त्रज्ञांनीं छापलेल्या निबंधाची स्वतःची अंतिम प्रत सार्वजनिक संग्रहांत ठेवावी, व त्यास बारा महिन्यांहून अधिक विलंब लावूं नये. पीएच.डी.च्या प्रबंधांचें काम तर याहून सोपें झालें. विद्यापीठ अनुदान आयोगानें २००९ मध्यें नियमच केला. त्यामुळें गांधीनगरच्या 'शोधगंगा' संग्रहांत देशभरांतील प्रबंध आज कोणालाही घरीं बसून फुकट वाचतां येतात. प्रबंध नियमानें आले; निबंध मात्र संशोधकाच्या मर्जीवर राहिले, आणि ती मर्जी लवकर होत नाहीं.

आपला संशोधक वाचक म्हणून उदार आणि लेखक म्हणून संकोची आहे, असें माझें मत झालें आहे. हा केवळ आपलाच दोष नव्हे. टांझानियांतील सरकारी विद्यापीठांची २०१० च्या सुमारास पाहणी झाली. तेथेंही मुक्त साहित्य वाचणारे पुष्कळ, आपलें लेखन तसें देणारे त्या मानानें थोडे, असेंच आढळलें.

संकोचाचीं कारणें खोटीं नाहींत. बढती नामांकित नियतकालिकाच्या नांवावर मिळते. करारांत काय लिहिलें आहे हें न वाचतां सही केलेली असते, मग स्वतःचाच निबंध संग्रहांत ठेवावयास भय वाटतें. शिवाय पैसे घेऊन वाटेल तें छापणारीं नियतकालिकें इतकीं माजलीं कीं 'फुकट वाचावयास मिळतें तें हलकें' असा समज रूढ झाला. चांगल्या नियतकालिकांची यादी राखण्याचें काम २०१८ च्या सुमारास पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाकडे सोंपविलें होतें; २०२५ सालीं आयोगानें ती यादीच बंद केली. उलट बाजूस 'नेचर' हें विख्यात नियतकालिक निबंध सर्वांस खुला करण्यासाठीं २०२१ पासून लेखकाकडे साडेनऊ हजार युरो मागूं लागलें. आमच्याकडील प्राध्यापकानें ते कोठून आणावे?

परंतु खुलें म्हणजे हलकें, किंवा खुलें म्हणजे महाग, हीं दोन्हीं मतें मुंबईनें कधींच खोटीं पाडलीं आहेत. शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय येथील अध्यापकांनीं १९५५ पासून चालविलेलें 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' पाहा. वाचकाकडून मोल न घेतां त्यांनीं तें इंटरनेटवर खुलें केलें, लेखकावरही शुल्काचा भार टाकला नाहीं, आणि त्याची प्रतिष्ठा घटली नाहीं, उलट वाढली.

सरकारनें नोव्हेंबर २०२४ मध्यें 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठीं सहा हजार कोटि रुपये, आणि सुमारें तेरा हजार नियतकालिकें! सरकारी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचें यानें मोठें कल्याण होईल, यांत शंका नाहीं. पण हें कुलूप फाटकाच्या आंतल्यांपुरतेंच उघडलें आहे. बागाईतदार, तालुक्याचा खासगी डॉक्टर, माझ्यासारखा निवृत्त शिक्षक हे बाहेरच राहतात. आणि मुदत संपली कीं प्रकाशकांशीं पुन्हां घासाघीस करावी लागेल. आपल्या निबंधाची प्रत संग्रहांत ठेवावयास मात्र संशोधकाला एक कोटिही लागत नाहीं. दुपारच्या चहाइतका वेळ पुरतो.