अपुरी वही आणि नाममुद्रा

(श्रीसंत नामदेव महाराज पुण्यतिथी उत्सवात दिलेले व्याख्यान)



आषाढ वद्य त्रयोदशीच्या या पुण्यदिनी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी एक निवृत्त शाळामास्तर. विद्वत्तेचा अधिकार माझ्यापाशी नाही. परंतु आयुष्यभर मुलांच्या निबंधाच्या वह्या तपासल्यामुळे एका गोष्टीशी माझा निकटचा परिचय झाला आहे. ती गोष्ट म्हणजे हाती घेतलेले लेखन पुरे करण्याची, आणि पुरे झालेच तर ते दुसऱ्यास दाखविण्याची, माणसाच्या मनातील भीती.

आपल्या शिंपी समाजात लिहिणारे थोडे आहेत, असे मला वाटत नाही. कित्येक घरांत ट्रंकेच्या तळाशी एखादी वही असते. कोणी तीत वडिलांच्या दुकानाच्या आठवणी लिहिलेल्या असतात, कोणी ओव्या, कोणी एखादी कथा. पंधरा-वीस पाने भरलेली, पुढची कोरी. वहीचा धनी जातो. दिवसकार्य उरकल्यावर घराची आवराआवर होते आणि ती वही रद्दीच्या तागडीत पडते. बाराबंदी कशी बेतीत, लग्नसराईत रात्र-रात्र दिवे कसे जळत, तयार कपड्यांची लाट आल्यावर भरल्या दुकानातील यंत्रे एकेक करून कशी थांबली, हे सांगणारा त्या घरातील तो एकुलता एक कागद असतो. तो गेल्यावर नातवंडांना हे कोण सांगणार?

मग ती वही अपुरी का राहते? ‘वेळ मिळाला नाही’ हे उत्तर तोंडावर येते. परंतु ते खरे उत्तर नव्हे. अपुऱ्या लेखनाला कोणी नावे ठेवू शकत नाही, हे त्याचे मोठे सुख असते. जोवर ते अपुरे आहे, तोवर मनातल्या मनात ते उत्तमच असते. शेवटची ओळ लिहिली की ते जसे आहे तसे समोर उभे राहते. त्यात लोकभयाची भर पडते: ‘हा कोण मोठा लेखक लागून गेला?’ असे भावकीत कोणी म्हणेल काय, ही शंका हात धरते. वर्गातील काही मुले एक डाग पडला म्हणून वहीचे पान फाडीत. दुसऱ्या पानावर दुसरा डाग, की तेही फाडीत. वर्षाअखेर त्यांच्या वहीला पुठ्ठाच काय तो शिल्लक राही. डाग पडलेली पाने ठेवणाऱ्या मुलांची अक्षरे मात्र सुधारत असत.

या दृष्टीने आपल्या कुलभूषण नामदेवरायांकडे पाहावे. इ. स. 1270 ते 1350 हा त्यांचा काळ. त्यांनी शतकोटी अभंग रचण्याचा संकल्प केला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. संकल्प एवढा अफाट की तो एका जन्मात पुरा होणे नाही; उरलेले काम पुढे तुकोबारायांकडे आले, असेही परंपरा सांगते. यातील मर्म ध्यानी घ्या. संकल्प अपुरा राहिला, परंतु त्यातील प्रत्येक अभंग पुरा आहे. त्याच्या अखेरीस ‘नामा म्हणे’ ही मुद्रा आहे. मुद्रा उमटली की अभंग संपला, आणि जे म्हटले ते मी म्हटले, हेही सिद्ध झाले. शतकोटी होईपर्यंत पहिला अभंग झाकून ठेवावा, असे त्यांनी केले नाही. ते कीर्तनास उभे राहिले आणि लोकांना ऐकवीत गेले. म्हणून तर शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आज विराजमान आहेत.

आणि एकटे नामदेवच का? माता गोणाई, पत्नी राजाई, सून लाडाई यांच्या नावांचेही अभंग गाथ्यात आढळतात. त्यांत संसाराच्या ओढाताणीची तक्रारही आहे. त्याच घरात दळणकांडण करणाऱ्या जनाबाई आपल्या नावाची मुद्रा उमटवून गेल्या. ‘आमच्या घरच्या साध्या गोष्टी कोण वाचणार?’ असे म्हणणाऱ्या भगिनींनी हे स्मरावे.

कोणी म्हणेल, ते संत होते, आम्ही प्रापंचिक. तर अलीकडची दोन उदाहरणे देतो. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर त्या गात, आणि ती गाणी घरच्यांनी टिपून ठेविली. 1951 साली त्या निवर्तल्या. त्यांचे पुत्र सोपानदेव स्वतः कवी. तरीही आईची गाणी लोकांपुढे ठेवण्याचा त्यांना संकोच वाटे. आचार्य अत्रे यांना ती दाखविण्याचे धैर्य त्यांनी केले, आणि 1952 साली तो संग्रह महाराष्ट्राच्या हाती आला.

दुसरे उदाहरण फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे. लहानसे किराणा दुकान सांभाळून त्या लिहीत, आणि घरातील पुरुषांच्या धाकाने वह्या दडवून ठेवीत. अशी सुमारे वीस वर्षे गेली. पुढे फलटणला राहून काम करणाऱ्या विदुषी मॅक्सीन बर्नसन यांच्याजवळ त्यांनी ते लेखन उघड केले. 1982 साली ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि 1986 साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. त्यांची भीती काल्पनिक नव्हती, खरी होती. प्रथम ती संपली आणि मग त्यांनी लिहिले, असे झाले नाही. भीतीसह त्या लिहीत राहिल्या, आणि योग्य वेळी एका माणसापुढे वही ठेविली. भीती घालविण्याचा याहून दुसरा मार्ग मला ठाऊक नाही.

आता व्यवहाराचे चार शब्द. आपला धंदाच आपणांस हे शिकवितो.

पहिली गोष्ट, लहान बेतावे. शिकाऊ पोरास कोणी पहिल्या दिवशी लग्नाचा कोट बेतायला देत नाही. तो कातरणावर हात बसवितो. सारे चरित्र लिहू नका. दुकानातील एक दिवस लिहा, परंतु शेवटपर्यंत लिहा.

दुसरी गोष्ट, वायदा करावा. दिवाळीचे कपडे पाडव्यानंतर देणाऱ्या शिंप्याकडे पुन्हा कोण जाईल? दिवस ठरला की हात आपोआप चालतो.

तिसरी गोष्ट, पक्की शिलाई मारण्यापूर्वी कच्च्या दोऱ्यावर कपडा अंगावर घालून पाहावा. त्यात कोणास कमीपणा वाटत नाही. तसे लेखन प्रथम एकाच विश्वासू माणसास वाचून दाखवावे. ‘कसे वाटले?’ असे विचारू नये. त्याला ‘छान’ याखेरीज उत्तर मिळत नाही. ‘कोठे कळले नाही? कोठे कंटाळा आला?’ असे विचारावे.

चौथी गोष्ट, शिवणीत माया सोडावी. कपडा दुरुस्तीला परत आला म्हणून कोणी दुकान बंद करीत नाही; उसवून नीट करून देतो. कापडावर एकदा चुकीची कात्री चालली की कापड वाया जाते. कागद त्याहून दयाळू आहे. तो पुन्हा लिहू देतो.

एक विवेक मात्र राखावा. दुसऱ्याचे गुपित, दुसऱ्याची अब्रू आपल्या लेखनात येत असेल, तर त्या माणसास विचारावे, आणि तो नको म्हणाला तर ते वगळावे. तेथे थबकणे हे भित्रेपण नव्हे, सौजन्य होय. परंतु स्वतःचे कष्ट व स्वतःचे अनुभव सांगण्यास कोणाच्या परवान्याची गरज नाही.

माझी प्रत्येक घरास एकच विनंती आहे. कार्तिकी एकादशी हा नामदेवरायांचा जन्मदिवस. तोवर सुमारे साडेतीन महिने हाती आहेत. घरातील एकाने एक पान पुरे लिहावे, अखेरीस स्वतःचे नाव घालावे आणि ते संपादकांकडे द्यावे. ज्या वडीलधाऱ्यांचे हात आता कापतात, त्यांनी बोलावे आणि नातवाने लिहून घ्यावे. बहिणाबाईंचे असेच झाले. आपल्या वार्षिक अंकात वधूवरांच्या याद्या व जाहिराती अवश्य असोत. परंतु त्यांच्या जोडीला समाजाचे स्वतःचे शब्दही असोत.

कदाचित ते पान साधे उतरेल. उतरू द्या. आपल्या घरातील त्या वृद्ध मातेचे पान वीस वर्षांनी कोणी उघडील, अखेरीस तिचे नाव वाचील आणि म्हणेल, ‘ही माझी आजी.’ एवढ्यासाठी ती शेवटची ओळ लिहिलीच पाहिजे.

नामदेवरायांचे चरणी मस्तक ठेवून माझे भाषण पुरे करतो. इत्यलम्.