झांकलेलें आणि काढलेलें

सरकारी कागद लोकांपुढें मांडावयाचा, पण त्यांतील जें उघड झाल्यास कोणाच्या जिवास वा अब्रूस धोका पोंचेल तेवढें वगळावयाचें, हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. मजकुरावर शाई फांसली कीं काम झालें, असा समज पूर्वापार चालत आला आहे. संगणकाच्या युगांत तो समज किती घातक ठरतो, हें २००५ सालीं दिसून आलें.

त्या वर्षीं ४ मार्च रोजीं निकोला कॅलिपारी हे इटलीचे गुप्तचर अधिकारी ओलिसांतून सुटलेल्या एका इटालियन पत्रकार स्त्रीला घेऊन बगदादच्या विमानतळाकडे निघाले असतां अमेरिकन सैनिकांच्या गोळीबारांत मरण पावले. चौकशीचा अहवाल एप्रिलच्या अखेरीस प्रसिद्ध झाला, तेव्हां सैनिकांचीं नांवें, नाक्यावरील पहाऱ्याच्या रीती वगैरे मजकुरावर काळ्या पट्ट्या ओढलेल्या होत्या. परंतु अहवाल पीडीएफ स्वरूपाचा होता. पट्टी वर होती, अक्षरें खालीं जशींच्या तशीं होतीं. वाचकांनीं तो भाग निवडून त्याची नक्कल दुसऱ्या पानावर उतरविली मात्र, सारा मजकूर स्वच्छ वाचतां आला. ज्यांना झांकावयाचें होतें, त्यांचींच नांवें जगभर झालीं.

मग उपाय कोणता? त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनें या कामाची रीत सांगणारी पुस्तिका काढली. तिचें सार असें कीं, मूळ प्रतीस हात न लावतां नकलेवर काम करावें. नाजूक मजकूर पुसून त्या जागीं निरर्थक अक्षरें भरावीं. आणि उरलेला मजकूर अगदीं कोऱ्या दस्तऐवजांत उतरवून मगच तो बाहेर पाठवावा. जें त्या प्रतींत मुळीं उरलेंच नाहीं, तें तींतून कोणी काढूं शकत नाहीं.

या भयानें सगळाच कागद दडवून ठेवणें मात्र योग्य नव्हे. भारताच्या २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यांतील कलम १० यासाठींच आहे. वगळण्याजोगा भाग वेगळा करतां येत असेल, तर उरलेला भाग अर्जदारास देतां येतो. तो देतांना भाग कां वगळला, निर्णय कोणत्या अधिकाऱ्यानें घेतला आणि त्याविरुद्ध दाद कोठें मागावी, हें अर्जदारास कळवावें लागतें. कागदावरील मजकूर गेला, तरी तो कां गेला हें विचारण्याचा नागरिकाचा हक्क जात नाहीं.