सांबाचा ठेका आणि कर्त्याचे नाव



पाश्चात्त्य संगीताच्या कार्यक्रमांत ‘लॅटिन’ या एकाच नावाखाली दोन निराळ्या घराण्यांचे संगीत पुष्कळदा ऐकविले जाते. एक क्यूबाचे, दुसरे ब्राझीलचे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांचे ताल दोन्हींच्या मुळाशी आहेत. परंतु दोहोंची चाल वेगळी. क्यूबाच्या संगीताचा कणा म्हणजे ‘क्लावे’. पाच आघातांचा हा ठेका तीन आणि दोन असा विभागलेला असतो व इतर वाद्ये त्याच्या धाकात राहतात. १९४० नंतर न्यूयॉर्कमध्ये माचितो व मारिओ बाउझा यांनी या ठेक्याची जॅझच्या पितळी वाद्यांशी सांगड घातली. १९४७ मध्ये क्यूबाचा ढोलवादक चानो पोझो हा डिझी गिलेस्पीच्या वाद्यवृंदात आला आणि लॅटिन जॅझ रूढ झाले.

ब्राझीलचा सांबा दोन मात्रांचा. त्यातील ‘सुर्दू’ नावाचा मोठा ढोल दुसऱ्या मात्रेवर जोराने वाजतो. समेवर वजन शोधणाऱ्या आपल्या कानास म्हणूनच तो आरंभी उलट्या पावलांनी चालल्यासारखा वाटतो.

हा सांबा रिओ दि जानेरोच्या गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्यांत वाढला. प्रारंभी त्याच्या वादकांमागे पोलिसांचा ससेमिरा असे. तिया सियाता नावाच्या प्रौढ स्त्रीच्या घरी गाणारे-वाजविणारे जमत व गाणी मिळूनमिसळून तयार होत. ‘पेलो टेलेफोने’ हे गीत १९१६ मध्ये दोंगा या संगीतकाराने आपल्या नावावर नोंदविले, तेव्हा ते अनेकांचे आहे, असा वाद उठला. गाणे कोणाचे, हा प्रश्न सांबाच्या पाळण्यातलाच म्हणावयाचा.

पुढे रेडिओ आला. १९३२ मध्ये ब्राझील सरकारने नभोवाणीवर जाहिरातींस परवानगी दिली आणि केंद्रांना लोकप्रिय गाण्यांची भूक लागली. १९३६ मध्ये रिओ येथे ‘रेडिओ नॅशनल’ सुरू झाले. १९४० मध्ये वार्गास सरकारने ते ताब्यात घेतले. ज्या गाण्यावर पहारा होता, तेच आता राष्ट्राचा आवाज ठरले. पण त्याची किंमतही होती. सांबातला कामचुकार, रंगेल नायक सरकारी परिनिरीक्षकांना रुचेना. गीतकारांनी श्रमाचे गोडवे गावेत, असा दबाव आला.

याहून मोठी किंमत नावाची होती. कार्तोला याचे उदाहरण घ्यावे. हा गवंडीकाम करी. केसांत सिमेंट पडू नये म्हणून तो टोपी घाली, त्यावरून त्याला हे टोपणनाव मिळाले. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या मांगेइरा या सांबामंडळाच्या संस्थापकांपैकी तो एक. १९३० च्या सुमारास त्याने आपली काही गीते गायकांना विकली. ती नामवंतांच्या गळ्यांतून घरोघर पोहोचली. कर्ता मात्र विस्मृतीत गेला. १९५६ च्या सुमारास सेर्जिओ पोर्तो या पत्रकारास तो मोटारी धुताना आढळला. त्याची स्वतःची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका १९७४ मध्ये निघाली. तेव्हा त्याचे वय पासष्ट होते.

याच सांबाला हळुवार स्वर देऊन १९५८ मध्ये जोआंव जिल्बर्टोने ‘बोसा नोव्हा’ची वाट रुळविली. ध्वनिक्षेपकामुळे कुजबुजीसारखे गाणेही दूरवर पोहोचू लागले होते. १९६२ नंतर अमेरिकन जॅझवादकांनी ते जगभर नेले.

रेडिओने सांबाचे अकल्याण केले, असा याचा अर्थ नव्हे. वस्तीचे गाणे देशाला त्यानेच ऐकविले. परंतु स्वर पोहोचविणाऱ्यावर नाव पोहोचविण्याचीही जबाबदारी असते.

आपल्याकडेही हा हिशेब चुकता झालेला नाही. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात सी. रामचंद्र यांच्या संगीताला लॅटिन रंग चढला, त्यात मूळचे गोव्याचे तुतारीवादक चिक चॉकलेट यांचा हात होता. अशा किती गोमंतकीय वादकांनी मुंबईच्या चित्रसंगीताचा वाद्यमेळ बांधला! गाणी घराघरांत पाठ झाली. या वादकांची नावे मात्र तबकडीवर क्वचितच छापली गेली.

निवेदकाने गीतापूर्वी कर्त्याचे नाव उच्चारण्यास चार-पाच क्षण लागतात. श्रोत्याने ते नाव लक्षात ठेवण्यास त्याहून थोडे अधिक. कार्तोलासारख्यांचे देणे फेडण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.