माणशी पाणी



कामगार संघटनेत उमर घातलेला माणूस एका कारखानदाराची आठवण सांगायला उभा राहिला, म्हणून समोरच्या काही मंडळींच्या भुवया वर गेलेल्या मला दिसत आहेत. त्यांनी त्या खाली घेण्याची घाई करू नये. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीतल्या एका कपाटाने केले. त्या कपाटातल्या कागदांतच मला विलासराव साळुंखे भेटले. प्रत्यक्ष गाठ कधी पडली नाही. 2002 च्या एप्रिलमध्ये ते गेले.

विलासराव इंजिनिअर. पुण्यात त्यांचा कारखाना होता आणि तेथे गेज तयार होत. गेज म्हणजे यंत्राचा सुटा भाग बरोबर उतरला की नाही हे तपासण्याचे माप. केसाच्या जाडीहून बारीक फरक धरणारी ही विद्या. असा मापाचा माणूस 1972 च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात गेला. त्या दुष्काळात महाराष्ट्रातली किती माणसे सरकारी कामांवर होती? 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख! सुकडी खायची आणि खडी फोडायची. विलासरावांना प्रश्न पडला तो साधा होता: एवढे हात खडी फोडण्यात का गुंतावेत? हेच हात पाणी अडविण्याला का लागू नयेत?

प्रश्न अनेकांना पडतात. दुष्काळ ओसरला की प्रश्नही ओसरतात. या गृहस्थाचा ओसरला नाही. 1974 मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झाले. नायगावच्या देवस्थानाची सोळा हेक्टर उजाड जमीन पन्नास वर्षांच्या कराराने घेतली. उताराला बांध घातले, पाझर तलाव केला, खाली विहीर खणली, आणि पाणी उचलून शेताला दिले. पती-पत्नी दोघे त्या माळावर जाऊन राहिली. ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द आपण मृत्युलेखात फार सैल हाताने वापरतो. संध्याकाळी वेळेवर घरी येणारा, मुलांना खाऊ आणणारा, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. कल्पनाताई या कामात त्यांच्या बरोबरीच्या भागीदार होत्या, आणि विलासराव गेल्यावर प्रतिष्ठानाचा भार त्यांनीच उचलला. घर एकीकडे आणि कार्य दुसरीकडे अशी वाटणी तेथे नव्हतीच.

पण मला खरा कुटुंबवत्सल माणूस दिसतो तो पाणी पंचायतीच्या नियमांत. आजवर पाणी कोणाला मिळत आले? ज्याची जमीन त्याला. जितकी जमीन मोठी, तितका पाण्याचा वाटा मोठा. विलासरावांनी हे माप बदलले. पाणी जमिनीच्या एकरावर द्यायचे नाही, घरातल्या तोंडांवर द्यायचे. माणशी अर्ध्या एकराचे पाणी. कुटुंबाला फार तर अडीच एकराचे. शंभर एकरवाल्यालाही तेवढेच. ज्याला जमीनच नाही त्याचाही पाण्यावर हक्क. त्याने दुसऱ्याची जमीन वाट्याने करावी, पण पाणी आपले घेऊन जावे. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर विकले जात नाही. ऊस लावायचा नाही, कारण एकाचा ऊस चार घरांची ज्वारी पिऊन टाकतो. पाणी सोडायला पाटकरी नेमलेला. घरोघरच्या मोटारी नाहीत. खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी आधी जमा करायचा, निम्मा सरकारी अनुदानातून, उरलेला प्रतिष्ठानाने बिनव्याजी द्यायचा.

आता या पाचव्या हिश्श्याविषयी माझी तक्रार आहे. ज्याच्या घरी संध्याकाळच्या तांदळाची खात्री नाही, त्याने आगाऊ पैसा आणावा कोठून? विलासरावांचे म्हणणे, फुकट मिळालेले कोणी सांभाळत नाही. मला हे अर्धेच पटते. उरलेल्या अर्ध्यासाठी आम्ही संघटनावाले भांडत असतो.

या योजना महाराष्ट्रभर पसरल्या नाहीत हेही खरे. 2005 साली कालव्यांचे पाणी शेतकऱ्यांच्या संस्थांकडे देणारा कायदा झाला, तोही सभासदत्व जमीनधारकालाच देतो. मात्र ही कल्पना विलासरावांपुरती राहिली नाही. 1982 च्या मुंबईच्या गिरणी संपात गावी परतलेल्या कामगारांनी सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात दुष्काळाविरुद्ध चळवळ उभी केली, आणि समान पाणीवाटपाची मागणी तेथेही आली. कारखानदार आणि संपकरी एका विहिरीच्या काठावर येऊन उभे राहिले, असे क्वचित घडते.

तुम्ही म्हणाल, पुरंदर कोरडे. आपला गोंदिया तलावांचा. बरोबर. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, नवेगावबांधचा विस्तार, पावसाळ्यात डोळा पुरत नाही. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. पाणी मात्र पूर्वीसारखेच धानाच्या बांध्यांकडे जाते. मासा धीवरांच्या संस्थांचा. आणि जिच्याकडे बांधीही नाही, जाळेही नाही, तिचे काय? तलावाच्या पाळीखालच्या गावात विड्या वळणारी बाई दिवसभर तेंदूपत्ता कापते. तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते. घरात तीन तोंडे आहेत की आठ, हे कोणताही कारखानदार विचारत नाही. तलावाचा हिशेब करणाराही विचारत नाही.

धान सोडा असे येथे कोणी म्हटले तर त्याला सभेतून उठवून देतील, आणि मीही मदत करीन. ऊसबंदी आपल्याला जशीच्या तशी लागू पडणार नाही. पण माणशी मोजणे लागू पडेल की नाही? गावच्या तलावातला गाळ काढायचा ठराव होतो, तेव्हा कामाला भूमिहीनच असतात. पाणी वाढल्यावर मात्र त्यांचा वाटा कोणत्याच वहीत नसतो. या उन्हाळ्यात आमच्या संघटनेने काही गावांच्या ग्रामसभांत एवढीच मागणी ठेवावयाचे योजिले आहे: गाळ काढण्यापूर्वी गावातल्या घरांची यादी करा, घरागणिक माणसे लिहा, आणि वाढलेल्या पाण्यापैकी थोडे तरी त्या यादीप्रमाणे वाटा. भाजीपाल्याच्या एखाद्या वाफ्यापुरते का होईना. येथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची शेती त्या गावांत आहे. ग्रामसभेच्या दिवशी आपण गावी या. विरोध करायचा असेल तरी या.