हाका पुष्कळ, कान हवेत



सागरी संपर्क आणि जलसुरक्षा या विषयावरच्या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही एका निवृत्त रेडिओ ऑफिसरला दिलेत, याबद्दल मनापासून आभार. माझ्या हुद्द्याचा माणूस आता मालवाहू जहाजावर शोधून सापडत नाही. १ फेब्रुवारी १९९९ पासून जगभर ‘जीएमडीएसएस’ ही संकटसंपर्काची नवी व्यवस्था पूर्णपणे लागू झाली. मोर्सची टकटक थांबली आणि आमची अख्खी रेडिओ रूम ब्रिजवरच्या एका टेबलात मावली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माणसाला संदेश पाठवायला मिनिटे लागत, ते काम यंत्र काही सेकंदांत करते. पण दिलेली हाक ऐकायची कोणी आणि ऐकल्यावर उठायचे कोणी, हा प्रश्न यंत्राने सोडवलेला नाही. आज मला बोलायचे आहे ते एवढ्यावरच.

समुद्रसुरक्षेची परिषद कल्याण-डोंबिवलीत कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. लोकलच्या खिडकीतून रोज खाडी पाहणाऱ्यांनाही आपण बंदराच्या गावात राहतो याचा विसर पडतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक नाविकांच्या ‘पेरिप्लस’मध्ये कल्याणचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने नोंदलेली आहेत. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजे याच खाडीच्या काठी उभी राहू लागली. त्या स्मृतीसाठी नौदलाची निवृत्त युद्धनौका ‘टी-८०’ दुर्गाडीजवळ आणली गेली आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत डहाणूपर्यंतचा किनारा ठाणे जिल्ह्याचाच होता. तेव्हा हा विषय घरचाच आहे.

या किनाऱ्याची सर्वांत मोठी जखम म्हणजे ‘रामदास’. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्येच्या तोंडावरचा दिवस. गटारीला घरी निघालेले चाकरमानी, बाजार आटोपून परतणाऱ्या बायका, पोरेबाळे यांना घेऊन ही बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. तासाभराच्या आत, काशाच्या खडकाजवळ, ती कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. मुंबई बंदर हाकेच्या अंतरावर होते, पण हाक देण्याचे साधनच नव्हते. बोटीवर वायरलेस नव्हता. एवढा मोठा अनर्थ शहराला कळला तो पोहून आलेल्या माणसांच्या तोंडून, कित्येक तासांनी. हे तास वाचले असते तर किती जीव वाचले असते, याचा हिशेब आज कोणीच करू शकणार नाही.

वायरलेस त्या काळी दुर्मीळ होता, असे म्हणून हा प्रश्न संपवता येत नाही. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले आणि हौशी लोक घरात बसून गाणी ऐकू लागले. त्याच वर्षी खडकी आणि दौंड येथील केंद्रांमधून थेट इंग्लंडशी बिनतारी संदेशवहन सुरू झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन प्रवासी बोटी वादळात बुडाल्या. पुण्याजवळून लंडनशी बोलता येत होते, त्यानंतर वीस वर्षांनीही भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या बोटीला मुंबईशी बोलता येत नव्हते. साधन होते; ते कोणाच्या बोटीवर बसवायचे, हे तिकिटाच्या दरावर ठरत होते. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाली आणि मोठ्या जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय नियम झाले. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या गरिबांच्या बोटी मात्र त्या नियमांच्या जाळीतून निसटल्या.

‘टायटॅनिक’चा दुसरा धडा आमच्या पेशाचा आहे. तिच्याजवळच ‘कॅलिफोर्नियन’ नावाचे जहाज उभे होते. त्यावर वायरलेस होता, ऑपरेटरही होता; पण तो एकटा होता आणि दिवसभराचे काम संपवून झोपी गेला होता. त्यातूनच चोवीस तास कान देण्याची पद्धत आली. आमच्या रेडिओ रूमच्या घड्याळावर लाल आणि हिरवे पट्टे रंगवलेले असत. दर तासाला दोनदा, तीन-तीन मिनिटे, लाल पट्ट्यावर काटा असेपर्यंत पाचशे किलोहर्ट्झवर कोणी चकार शब्द काढायचा नाही. रेडिओ टेलिफोनसाठी हिरवे पट्टे. एखाद्याची क्षीण हाक गोंगाटात बुडू नये, म्हणून सगळ्या जगाच्या जहाजांनी एकाच वेळी गप्प बसायचे! इतका सुंदर नियम मी दुसऱ्या कुठल्या पेशात पाहिला नाही. नवी व्यवस्था आली आणि ते घड्याळ भिंतीवरून उतरले. आज ते काम व्हीएचएफ रेडिओचे चॅनल १६ आणि चॅनल ७० करतात. सत्तरवर यंत्र यंत्राशी बोलते. लाल बटण दाबून धरले की बोटीचा नऊ आकडी क्रमांक, जीपीएस जोडलेला असेल तर ठिकाणही, क्षणात आजूबाजूच्या सगळ्या सेटवर उमटते. सोळावर माणूस माणसाशी बोलतो. आणि त्याच सोळावर आपल्या किनाऱ्यावर काय ऐकू येते, हे इथे बसलेल्या तांडेलांना मी सांगायला नको. मासळीचा भाव, जेवणाची चौकशी, कधी गाणीसुद्धा. बांधवांनो, गप्पांसाठी दुसरी चॅनल्स आहेत. सोळा मोकळे ठेवा.

साधन हाती असूनही अपघात कसे होतात, याची दोन उदाहरणे आपल्या दारातलीच आहेत. ७ ऑगस्ट २०१० रोजी जेएनपीटीतून बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदरात येणारे ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली. कंटेनर पाण्यात पडले, तेल किनाऱ्याला लागले, बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. दोन्ही जहाजांवर व्हीएचएफ होते. तरीही अपघातानंतर चर्चा झाली ती जहाजे आणि बंदरे यांच्यातल्या संवादाचीच. दुसरे उदाहरण मे २०२१ मधले. तौक्ते वादळाचे इशारे हवामान खात्याने काही दिवस आधीपासून दिले होते. किनाऱ्यावरच्या कितीतरी मासेमारी बोटी ते ऐकून बंदरात परतल्या. बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रातला ‘पी-३०५’ हा २६१ माणसांचा बार्ज मात्र समुद्रातच राहिला. १७ मेला त्याचे नांगर तुटले. तो बार्ज आणि ‘वरप्रदा’ ही टग मिळून ८६ जणांचे प्राण गेले. रेडिओवर आलेला इशारा छोट्या बोटीच्या तांडेलाने मानला आणि मोठ्या कंत्राटाने मानला नाही. या घटनेचा मला कळलेला अर्थ इतकाच आहे.

उलट, ऐकणारा जवळ असला की काय होते तेही पाहा. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची चाचणी चालू असलेली स्पीडबोट आदळली. १५ जण दगावले. तरी शंभराच्या आसपास माणसे वाचली, कारण मुंबई बंदराची पायलट बोट आणि इतर बोटी लगेच धावल्या. समुद्रात पहिली मदत हेलिकॉप्टरची नसते, जवळच्या बोटीची असते. म्हणूनच मोबाइल हा व्हीएचएफला पर्याय नाही. मोबाइलवरून तुम्ही एकाला फोन लावता. त्याने उचलला तर ठीक, रेंज असली तर ठीक. व्हीएचएफवर केलेली हाक टप्प्यातल्या प्रत्येक बोटीला एकाच वेळी ऐकू येते. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येकाने पाठ ठेवावा, पण तो सेटच्या जोडीला, सेटच्या जागी नव्हे.

खोल समुद्रात जाणाऱ्यांसाठी मात्र व्हीएचएफ पुरत नाही. हातातल्या सेटचा आवाज दुसऱ्या होडीपर्यंत चार-पाच सागरी मैल जातो. उंच मनोऱ्याशी बोलणारे जहाज वीस-तीस मैल गाठते. डिसेंबर २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तामिळनाडूचे मच्छीमार याच मर्यादेपलीकडे अडकले होते. ते निघाल्यानंतर आलेला इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. वादळात वाट काढत त्यांच्या ६८ बोटी, साडेनऊशे माणसांसह, आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. त्यानंतर उपग्रहाद्वारे इशारे देणाऱ्या साधनांना गती आली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्याच कार्यक्रमात, देशभरातल्या एक लाख मासेमारी बोटींवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. या यंत्रावरून बोटीला इशारा मिळतो आणि बोटीकडून संकटाचा संदेशही जातो.

काही नाखवांना या यंत्राचा संशय येतो. आपली माशांची जागा दुसऱ्याला कळेल, हद्दीचे कारण दाखवून दंड होईल, ही त्यांची भीती मी समजू शकतो. अधिकाऱ्यांना माझे सांगणे आहे की, माणूस वाचवण्यासाठी बसवलेले यंत्र केवळ दंडवसुलीचे होऊ देऊ नका; तसे झाले तर ते बंद करून ठेवले जाईल. आणि नाखवांना माझे सांगणे, २००८ मध्ये ‘कुबेर’ ही मासेमारी बोट समुद्रात पळवली गेली आणि मुंबईवरच्या हल्ल्यासाठी वापरली गेली. तिची जागा चुकली आहे हे किनाऱ्यावर कोणालाच वेळेत कळले नाही. तिच्या तांडेलाचा जीव गेला. आपण कुठे आहोत हे कोणालातरी ठाऊक असणे ही पहारेकऱ्याची नजर असते, तशी ती पाठीराख्याचीही असते.

आता आपल्या खाडीकडे येतो. २०१६ च्या कायद्याने उल्हास नदी आणि वसईची खाडी मिळून कल्याण-ठाणे-मुंबई हा १४५ किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाली. कोलशेत आणि डोंबिवलीच्या जेट्टी आराखड्यात आहेत. रस्ते आणि लोकल यांची अवस्था पाहता जलवाहतूक हवीच आहे. मी तिचा कट्टर समर्थक आहे. म्हणूनच इशारा देतो.

खाडी म्हणजे उथळ पाणी, त्यामुळे धोका कमी, ही समजूत खोटी आहे. खाडीत भरती-ओहोटीची ओढ जबर असते, गाळाने वाट बदलते, उधाणाला पुलाखालची मोकळी उंची घटते. बिनदिव्याच्या होड्या, रेतीच्या बोटी आणि मच्छीमारांची जाळी त्याच वाटेत असतात. आणि रेडिओच्या दृष्टीने ही खाडी अवघड आहे. व्हीएचएफच्या लहरी सरळ रेषेत जातात. मुंब्र्याजवळ पारसिकचा डोंगर, घोडबंदरला येऊरच्या रांगा, दोन्ही काठांवर वाढणारे टॉवर. डोंबिवलीच्या जेट्टीवरून केलेली हाक वसईच्या खाडीमुखाशी सरळ पोहोचेल, असे गृहीत धरू नका. मध्ये पुनःक्षेपण केंद्रे लागतील. ती जेट्टीच्या आराखड्यातच आली पाहिजेत, अपघाताच्या चौकशी अहवालात नव्हे.

आपण लोकलचे प्रवासी आहोत. सिग्नल आणि कंट्रोल रूम नसलेल्या रुळांवर गाडी सोडली, तर आपण त्या गाडीत पाय ठेवू का? पाण्यावरच्या प्रवासालाही तेवढीच अट घातली पाहिजे. म्हणून या व्यासपीठावरून चार मागण्या मांडतो. पहिली, या जलमार्गावरच्या प्रत्येक प्रवासी बोटीवर बसवलेला एक आणि हातातला एक असे दोन व्हीएचएफ सेट सक्तीचे करा. दुसरी, बोटी चालू असेपर्यंत अखंड ऐकणारे, मराठी जाणणारे नियंत्रण केंद्र पहिल्या फेरीआधी सुरू करा, आणि सुटताना प्रत्येक बोटीने चढलेल्या माणसांचा आकडा त्या केंद्राला कळवायचा, हा नियम करा. तिसरी, संकटसंदेश कसा द्यावा याचे शिक्षण खलाशांना त्यांच्या भाषेत द्या आणि ठरावीक काळाने त्याची चाचणी घ्या. भिंतीवर चिकटवलेला इंग्रजी तक्ता म्हणजे शिक्षण नव्हे. चौथी, २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली होणाऱ्या तपासणीत सेट आहे का एवढेच न पाहता तो लावून, बोलून पाहा. बॅटरी उतरलेला सेट कागदोपत्री सुरक्षित असतो, पाण्यात नाही.

यातली एकही मागणी महाग नाही. बोटीच्या किमतीपुढे सेटची किंमत नगण्य आहे. महाग आहे ती शिस्त, कारण ती रोज लागते आणि काही घडले नाही तर तिचे कौतुक होत नाही. ‘रामदास’च्या वेळी या किनाऱ्याच्या बोटीवर साधन नव्हते. आज ते आहे, स्वस्त आहे, कायदाही आहे. आता बोट बुडाली आणि कोणी ऐकले नाही, तर दोष समुद्राला देता येणार नाही.

नियंत्रण केंद्र कुठे आहे आणि तिथे रात्री कोण बसते, हे आपापल्या नगरसेवकाला, आमदाराला, बंदर अधिकाऱ्याला विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आणि उद्या खाडीतून पहिली बोट सुटेल, तेव्हा चढण्याआधी तिच्या तांडेलाला सेट चालू करून दाखवायला सांगा. एवढे बोलून मी थांबतो. जय हिंद, जय महाराष्ट्र.